पायाखाली स्टूल सरकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. बॅजवर होतं, पण तेव्हा वाचायचं भान नव्हतं आणि नंतर आलो तेव्हा कळलं की तुमची ड्युटी दुसरीकडे लागलीये. म्हणून हे असं उघडच लिहितेय. वाचाल न वाचाल, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी आई म्हणजे त्या ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, 76 वर्षांच्या आजी, उठल्या की चक्कर येणाऱ्या. तुम्हाला आठवत नसणार, दिवसाला अशा किती येत असतील. आईला मात्र तुम्ही पक्क्या आठवता.

आई त्या उंच टेबलावर चढून बसली होती, पाय लोंबकळतायत, पाठीला टेकू नाही, आणि कुणी न सांगताच तिने हात पुढे केला कारण आता तिला सवयच झालीये, दवाखान्यात गेलं की हात पुढे करायचा, बीपीचा पट्टा फुगणार, कुणीतरी आकडा ओरडणार आणि पुढचा पेशंट. तुम्ही पट्टा लावलाच नाही. "आजी, आधी खाली उतरा बघू, खुर्चीत बसा. लघवीला जाऊन यायचंय का?" खुर्चीतही तिचे पाय जमिनीला पुरेनात, तर तुम्ही स्वतः खाली वाकून पलंगाखालचं स्टूल ओढून काढलंत, तिच्या पायाखाली सरकवलंत आणि वर बघून विचारलंत, "टेकले का नीट?"

खरं सांगू, मला तिथेच रडू आलं. त्याआधीचे कितीतरी महिने आईकडे कुणी बघितलंच नव्हतं, सगळे मशीनकडे बघत होते. तुम्ही तिचे पाय बघितलेत.

मग कोपराखाली उशी ठेवलीत, म्हणजे दंड छातीच्या लेव्हलला येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा उगाच वर दिसतो हे मला तुमच्याकडूनच कळलं. नेहमीचा पट्टा बाजूला ठेवून मोठा शोधून आणलात, कारण जाड दंडाला लहान पट्टा आवळला की बीपी आहे त्यापेक्षा जास्तच येणार. आणि पाच मिनिटं गप्प. आई बोलायला लागली तर हसून ओठांवर बोट ठेवलंत, स्वतःही बोलला नाहीत. त्या गर्दीत, बाहेर लाईन लागलेली असताना, तुम्ही नुसत्या बसून राहिलात.

आता ज्यांनी आधी बघितलं त्यांच्याबद्दल बोलतेच, राहवत नाही. एका ठिकाणी स्वेटरच्या बाहीवरून पट्टा, आई जिना चढून धापा टाकतीये, तेवढ्यात फोनवर बोलता बोलता 176/70 लिहून मोकळे. चक्कर येते म्हटलं तर ऐकलं नाही, वर आणखी एक गोळी वाढवली. दुसरीकडे अगदी उलटं, "अहो शंभर अधिक वय, एवढं असायचंच, वयोमानाप्रमाणे चालतं." म्हणजे एक म्हणणार भयंकर आहे, दुसरा म्हणणार काहीच नाही, आणि आई बिचारी भिंतीला धरून बाथरूमला जातीये. शिकलेली माणसं हो ही!

तुम्ही मिनिटभर थांबून परत घेतलंत, मग अजून एकदा. पहिला 158/68, मग 150, मग 148. पहिला बहुतेक वेळा जास्तच येतो म्हणालात. आणि मी विचारलं की वरचं एवढं वाढलंय तर खालचं कमी कसं, मशीन बिघडलंय का, तर तुम्ही वैतागला नाहीत. सांगितलंत की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी तरुणपणी ताणते आणि परत आखडते, त्या आखडण्यानेच दोन ठोक्यांच्या मधे दाब टिकून राहतो. वय झालं की ती जुन्या रबरासारखी कडक होते. मग ठोका पडला की दाब एकदम वर चढतो आणि मधल्या वेळात जास्त खाली येतो. म्हणून पन्नाशीपर्यंत दोन्ही आकडे वाढत जातात, पुढे वरचा वाढतच राहतो आणि खालचा उतरायला लागतो. पण वयाने होतं म्हणजे चालतं असं नाही, वरचा एकटा वाढला तरी मेंदूला आणि हृदयाला धोका असतोच, शंभर अधिक वय हा हिशोब कधीच मोडीत निघालाय, हेही तुम्हीच स्पष्ट सांगितलंत. दवाखान्यात 140/90 ही जी रेषा धरतात ती घरी शांत बसून मोजलं तर 135/85 धरायची, हे तर आम्हाला इतक्या वर्षांत कुणी बोललंच नव्हतं.

आणि मग तुम्ही तिला उभं केलंत. पट्टा तसाच, एक हात तिच्या पाठीशी. 122/60. वरचा 20 ने जरी पडला तरी ते नोंदवायचं असतं म्हणालात, इथे तर 26 ने पडला होता. मागच्या कित्येक महिन्यांची चक्कर त्या एका आकड्यात सापडली. बसलेल्या माणसाचं बीपी घेऊन उभं राहिल्यावरची चक्कर कशी कळणार, साधी गोष्ट आहे, पण करायला कुणाला वेळ नव्हता. तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात "बसून" आणि "उभं राहून" असं वेगवेगळं लिहून डॉक्टरांच्या हातात दिलंत, त्यांनीही नीट बघून गोळ्या बदलल्या. तो कागद आईने फाईलमधे सगळ्यात वर लावलाय.

तुम्हाला यासाठी कुणी वेगळं काही दिलं नसणार. उलट लाईन वाढली म्हणून बोलणीच खाल्ली असतील. कुणी बघत नसताना आपलं काम चोख करणारी अशी माणसं प्रत्येक ठिकाणी एखाद-दुसरी असतात आणि सगळा गाडा त्यांच्याच जिवावर चाललेला असतो, फक्त सत्कार दुसऱ्यांचे होतात. चिडचिड न करता एखाद्या म्हातारीला "टेकले का नीट" विचारायला कुठली डिग्री लागत नाही, तरी किती दुर्मिळ झालंय बघा ते.

आता आई कशी आहे ते सांगते. वरचं अजून 140 च्या आसपास रेंगाळतंय, पण चक्कर नाही. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, मग उभी राहते, तुम्ही शिकवलंत तसं. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा बीपी घेऊन वहीत लिहिते. आणि मी मधेच काही बोलले तर मलाच ओठांवर बोट ठेवून गप्प करते. परवा तर तपासायला आलेल्या एका मुलाला तिने सरळ सुनावलं, "आधी पायाखाली काहीतरी दे, मग पट्टा लाव." तो गोंधळला, पण दिलं त्याने.