प्राण्यांचे वर्गीकरण आणि नान्नजचा माळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ आला, की बहुतेक शाळांत रंध्रीय प्राण्यांपासून (स्पंज) समपृष्ठरज्जू प्राण्यांपर्यंतची (मासे, पक्षी, सस्तन इत्यादी) संघांची, म्हणजे मोठ्या गटांची, नावे फळ्यावर उतरतात आणि तिथून थेट वहीत जातात. एखादा प्राणी अमुकच गटात का, त्यासाठी कोणते लक्षण निर्णायक मानले आणि कोणते सोडून दिले, हा विषयाचा खरा गाभा मात्र ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून मागे राहतो.

सोलापूरच्या मुलांना तर यासाठी लांब जायलाही नको. नान्नजच्या माळावरचा काळवीट घ्या. त्याची सडपातळ अंगकाठी आणि झेपा पाहून कुणीही त्याला चितळाचा भाऊबंद म्हणेल, आणि दुभंगलेल्या खुरांमुळे दोघे समखुरी गणात एकत्र येतातही. परंतु चितळाची शिंगे भरीव व फाटे फुटलेली असतात, ती गळून पुन्हा उगवतात. काळविटाच्या पिळदार शिंगाला फाटा नसतो, आत हाड आणि वर शेळीच्या शिंगासारखे पोकळ आवरण असते व ते जन्मभर टिकते. म्हणून काळवीट गाय-शेळीच्या कुळात जातो आणि चितळ सांबराच्या. तरसाचेही तसेच: वृत्तपत्रे त्याला सर्रास कुत्र्याच्या कुळात घालतात (आपलेही अपवाद नाही), पण तो मांजर-मुंगसांना अधिक जवळचा आहे.

उजनी धरणाच्या जलाशयावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांची गोष्ट त्याहून नवलाची. लांब पाय आणि मान पाहून त्यांना करकोच्यांच्या जवळचे मानले जाई. जनुकीय अभ्यासांनी मात्र त्यांचे सर्वांत जवळचे नाते तलावात बुड्या मारणाऱ्या इटुकल्या टिबुकलीच्या कुळाशी जोडले. उथळ पाण्यात चरणाऱ्याचे पाय लांब असायचेच, त्यावरून नाते ठरत नाही. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथात १७३५ साली देवमाशाला माशांत घातले होते. त्याच ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत हलवला.

शिक्षण विभागाने या पाठाचा निदान एक तास नान्नजला किंवा उजनीच्या काठावर घेण्याची सोय करावी. सहलीचा खर्च झेपत नसेल, तर गावातल्या गोठ्यातली शेळीही पुरेल. आणि घटक चाचणीत संघांची नावे विचारण्याऐवजी ‘काळवीट चितळापेक्षा शेळीला जवळचा आहे, शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न टाकावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर