त्या रात्रीच्या अॅम्ब्युलन्सवाल्या भाऊंना

एप्रिल २०२१, सोलापूर. विजापूर रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात वडील होते. रात्री अकराला सांगितलं, ऑक्सिजन संपत आलाय, पेशंट सिव्हिलला हलवा. कसं हलवायचं, ते कुणी सांगेना. १०८ च्या सगळ्या गाड्या बाहेर होत्या. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी आपल्या मोबाइलवरून एक नंबर लावून दिला.

तुम्ही वीस मिनिटांत आलात. स्ट्रेचरला हात लावायच्या आधी सिलिंडरचा काटा पाहिलात. "लहान सिलिंडर भरलेला असला तर दीड हजार लिटर. ह्यात निम्माच हाय. मिनिटाला पंधरा लिटर धरलं तर पाऊण तास." एवढं बोलून परत गेलात आणि दुसरा भरलेला घेऊन आलात. मी मनात चिडले होते, उशीर करताय म्हणून.

सात रस्ता चौकातून सिव्हिलला दहा मिनिटांत पोचलो, पण बेड मिळायला तास गेला. पहिला सिलिंडर गाडीतच संपला. पान्याने नट सैल करून तुम्ही रेग्युलेटर दुसऱ्याला बसवलात, बाबांच्या पायावर तुमची चादर टाकलीत. "आण्णा, हळू श्वास घ्या, घाई न्हाय," हे तर कितीदा म्हणालात. पीपीई किटमधून फक्त डोळे दिसत होते.

ठरलेल्या भाड्यावर एक रुपया घेतला नाहीत. नाव विचारायचंही राहिलं.

बाबा एकवीस दिवसांनी घरी आले. चादर धुऊन ठेवलीय, निळ्या काठाची. त्या मावशी आणि तुम्ही, दोघांचेही मनापासून आभार. ओळख पटली तर चादर न्यायला या, जेवूनच जा.