मन्याच्या एमआरआयबद्दल

प्रिय सुजू,

काल फोनवर तू म्हणालीस ना की मन्याचा एमआरआय नॉर्मल आला आणि तेव्हापासून तुझे मामा घरभर सांगत सुटलेत, बघा काही झालेलं नाहीये पोराला, सगळी नाटकं आहेत म्हणून, ते ऐकून इतका राग आला की रात्री झोपच लागेना. म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय.

अगं, मन्याला जो भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार आहे, त्या स्किझोफ्रेनियाचं निदान एमआरआयवर होतच नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते गाठ, इन्फेक्शन असलं दुसरं काही नाहीये ना हे बघायला. ते नाहीये, एवढाच त्या 'नॉर्मल'चा अर्थ.

पण मेंदूत फरक असतो, हे मामांना ठणकावून सांग. १९७६ मध्ये लंडनला इव्ह जॉनस्टन, टिम क्रो वगैरे डॉक्टरांनी १७ जुन्या पेशंटचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा मेंदूच्या आत पाणी असलेल्या ज्या पोकळ्या असतात त्या निरोगी लोकांपेक्षा मोठ्या निघाल्या. पुढे २०१६ मध्ये एनिग्मा नावाच्या गटाने बऱ्याच देशांतले २,०२८ पेशंट आणि २,५४० निरोगी लोक यांचे स्कॅन एकत्र तपासले, त्यातही पोकळ्या मोठ्याच, आणि आठवणींचं काम बघणारा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान. सरासरीने, हे महत्त्वाचं. पुरुष बायकांपेक्षा सरासरी उंच असतात, पण नुसती उंची सांगून तो पुरुष की बाई हे ओळखता येतं का? तसंच हे, दोन्हीकडचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या मन्याचा फोटो बघून रेडिओलॉजिस्ट काहीच म्हणू शकत नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास १९९० चा, एकसारख्या जुळ्यांचा. १५ जोड्या, प्रत्येकीत एकाला आजार आणि दुसरा ठणठणीत. दोघांचे स्कॅन एकमेकांशी ताडून, नुसत्या नजरेने १२ जोड्यांत आजारी कोण ते ओळखता आलं! जनुकं तीच असून. म्हणजे आनुवंशिकता आहेच पण तेवढ्यावर भागत नाही, गर्भात किंवा जन्माच्या वेळी काही घडणं, पुढे वयात येताना मेंदूची जडणघडण, असं बरंच काही त्यात असावं असं मानतात.

आणि काकूंना एक सांगशील? १९४८ च्या सुमारास अमेरिकेत आईच्या वागण्याने हा आजार होतो असं मोठेमोठे डॉक्टर लिहायचे, कितीतरी आया त्या पायी आयुष्यभर झुरल्या, आणि त्याला पुरावा कधीच मिळाला नाही. काकू अजून 'मीच मन्याला लहानपणी रागवायचे' म्हणून रडतात ना, त्यांना जवळ बसवून हे वाचून दाखव, प्लीज.

गोळ्यांनी मेंदू आकसतो असं तू कुठेतरी वाचलंस, ते साफ खोटं नाहीये, बरीच वर्षं जास्त डोस घेणाऱ्यांत थोडा परिणाम दिसलाय. पण पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, गोळी न घेतलेल्या पेशंटमध्येही फरक सापडलेत, आणि औषध अचानक तोडलं की आजार पुन्हा उफाळायची भीती खूप मोठी. त्यामुळे मनाने काही बंद करू नका हं, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनाच विचार की कमीत कमी कितीवर त्याचं भागेल. मी सुट्टी काढून येते तुझ्याबरोबर, तारीख कळव.

तुझीच,
मेधा