'मुलींचा संघही रवाना झाला' पुरे, आता नावे छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या कोल्हापुरातल्या एका दैनिकात जिल्हा बास्केटबॉल संघांच्या निवडीची बातमी आली. मुलांची बारा नावे, प्रत्येकाची शाळा, कर्णधार कोण, मार्गदर्शक कोण, सगळे व्यवस्थित होते. शेवटची ओळ होती : 'मुलींचा संघही रवाना झाला.'

ही ओळ मला पाठ आहे. १९८३ साली मी अकरावीत असताना जिल्ह्याकडून खेळायला निघाले, तेव्हाही मुलांच्या नावांखाली हीच ओळ होती. वडिलांनी गंगावेशीतून पेपर आणला, माझे नाव शोधत बातमी दोनदा वाचली आणि विचारले, "बाळ, तुझी निवड नक्की झालीय ना?" तरीही त्यांनी ते कात्रण कापून गव्हाच्या खळीने माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले. ती वही अजून माझ्याकडे आहे. खळ लागली होती तिथे कसरीने कागद खाल्ला आहे, मुलांची तीन-चार नावे गेली आहेत. शेवटची ओळ मात्र शाबूत आहे.

मी चौतीस वर्षे क्रीडाशिक्षिका होते. निवृत्तीनंतरही संध्याकाळी मुलींचा सराव घेते. १४ एप्रिल २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, वार्षिक 'ड्राफ्ट', म्हणजे संघांनी पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. त्याचा व्हिडिओ मी सराव संपल्यावर मुलींना मोबाइलवर दाखवला. रिंगखालच्या सिमेंटवर बसून नऊजणी एका फोनभोवती दाटीवाटीने पाहत होत्या. मुली आईवडिलांसोबत टेबलाशी बसलेल्या असतात. लीगच्या कमिशनर कॅथी एंगलबर्ट व्यासपीठावर येतात, कोणत्या संघाने कोणाला घेतले ते वाचतात. नाव ऐकले की ती मुलगी उठते, घरच्यांना मिठी मारते आणि त्या संघाची जर्सी हातात धरून उभी राहते. त्या दिवशी एकूण ३८ नावे वाचली गेली.

ही निवड आपल्याला ठाऊक असलेल्या लिलावासारखी नसते. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या लिलावात शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच आनंद केला. पण लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा हात वर. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. मागच्या हंगामात जे मागे पडले त्यांचा नंबर आधी, सर्वाधिक सामने जिंकणाऱ्यांचा शेवटी. मुद्दाम हरून कोणी पहिला नंबर लाटू नये म्हणून बाद फेरी न गाठलेल्या संघांत दोन हंगामांच्या कामगिरीवर सोडत काढतात. २०२४ च्या हंगामात लॉस एंजेलिसने ४० पैकी ८ सामने जिंकले होते, डॅलसने ९. तरी सोडतीत पहिला नंबर डॅलसला मिळाला आणि त्यांनी पेज बेकर्सला घेतले. पहिल्या वर्षाचा तिचा पगारही आधीच ठरलेला : ७८,८३१ डॉलर.

पेजची गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगितली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि पूर्ण हंगाम गेला. तिच्या विद्यापीठाने, कनेक्टिकटने, तिची जागा राखली. ती परतली, एप्रिल २०२५ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि त्यानंतर आठच दिवसांनी तिचे नाव पहिले पुकारले गेले. आपल्याकडे बारावीतल्या मुलीचा गुडघा गेला की घरचे बूट माळ्यावर टाकतात.

या साऱ्याची मुळे अमेरिकेच्या १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यात आहेत. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही, इतकेच तो म्हणतो. त्याच्या मूळ कलमात खेळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पण त्याच्या जोरावर महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढले, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि पंचवीस वर्षांनी, १९९७ मध्ये, आठ संघांची ही लीग मैदानात उतरली. तिथेही नाव पुकारले म्हणजे नोकरी पक्की असे नाही. २०२५ मध्ये संघात जास्तीत जास्त बारा जागा होत्या, त्यामुळे हंगामाआधीच्या शिबिरातूनच कितीतरी मुलींना परत जावे लागले. पण त्या परत गेल्या तेव्हा सगळ्यांना त्यांचे नाव माहीत होते.

आमच्या गटात करवीर तालुक्यातली एक मुलगी आहे. पाच फूट दहा इंच, सेंटर, म्हणजे रिंगजवळच्या जागी, खेळते. बोर्डवरून परत आलेला चेंडू ती दोन्ही हातांनी असा ओढून घेते की समोरचीने हात पुढे करायचा विचार सोडून द्यावा. सरावासाठी ती रोज एसटीने येते, शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळ बघत खेळते. व्हिडिओ संपल्यावर तिने विचारले, "बाई, आपल्याकडं यादी नुसती फळ्यावर चिकटवतात. नावं वाचून का दाखवत नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस गुण मिळतात, तोवर घरचे पाठवतात. पुढे विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत, पण तिथवर पोचायच्या आत बहुतेकजणींचा खेळ सुटतो. तिच्या वडिलांनी मला सरळ विचारले, "बाई, पोरगी चांगली खेळते म्हणता, मग पेपरात कधी दिसली नाही ती?" त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हते.

हे कोल्हापूर आहे. फुटबॉलचा हंगाम जवळ आला की कोण पाटाकडीलकडून खेळणार आणि कोण शिवाजी मंडळाकडून, हे पेठेतले शेंबडे पोरही सांगते. खासबागेत मल्लाचे नाव पुकारतात तेव्हा त्याचे गावही पुकारतात. नावाची किंमत या शहराला कोणी शिकवायला नको. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे घराघरांत पोचली ती पदकांनंतर. पण पदकाच्या आधीची दहा वर्षे जी मुलगी सिमेंटवर गुडघे फोडून घेते, तिचे नाव तिच्या गल्लीला तरी कळू द्या. पुण्याची शिरीन लिमये बास्केटबॉलमध्ये भारताकडून खेळली. केरळच्या गीतू अ‍ॅना जोसला २०११ मध्ये याच अमेरिकी लीगमधल्या संघांनी चाचणीला बोलावले होते. मैदानावरच्या नऊजणींपैकी एकीनेही ही दोन नावे ऐकलेली नव्हती.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या, विभागाच्या, विद्यापीठाच्या कोणत्याही खेळाच्या निवडीची बातमी छापताना मुलींची सगळी नावे, गाव आणि शाळेसह, मुलांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत छापा. जागा कमी असेल तर दोन्ही संघांचे मार्गदर्शक-व्यवस्थापक गाळा, आमची काही तक्रार नाही. यादी वेळेवर मिळत नाही, असे एका वार्ताहराने मला सांगितले होते. ते खरे असेल, तर पुढची निवड चाचणी ज्या दिवशी होईल त्याच संध्याकाळी बारा मुलींची यादी, कोण गार्ड, कोण फॉरवर्ड, कोण सेंटर या खेळायच्या जागांसह, मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर