सरावाची जागा, उजेड आणि माणसे : आपल्या गेलिक क्लबसाठी आवाहन

पश्चिम डब्लिनमधल्या सर्व मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांची मुले शनिवारी सकाळी वस्तीतल्या गेलिक क्लबच्या, म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या आयरिश खेळांच्या क्लबच्या, मैदानावर असतात. काही पालक कुंपणाशी उभे राहून बघतात, काही गाडीतच बसून ऑफिसचे मेल उरकतात. हे आवाहन त्या सगळ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या मुलांनी अजून हर्ली, म्हणजे हर्लिंगची लाकडी काठी, हातात धरलेली नाही त्यांच्यासाठीही. क्लबला यंदा दोन गोष्टींची निकड आहे : सरावाच्या नव्या जागेसाठी निधी, आणि मैदानावर उभी राहणारी माणसे. क्लबच्या कार्यकारिणीने मराठी घरांपर्यंत हा निरोप पोहोचवण्याचे काम आम्हा काही पालकांवर सोपवले आहे.

आधी निधीबद्दल. डिसेंबरात डब्लिनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलांनी शाळेतून येऊन दप्तर टाकले की बाहेर अंधार. त्यात आपले मैदान साधे गवताचे. नोव्हेंबरच्या पावसात गोलपोस्टसमोरची हिरवळ उखडते, पाणी साचते, आणि मैदानाची देखभाल करणाऱ्या काकांना नाइलाजाने फाटकाला कुलूप लावावे लागते. मोठा पंजा घेऊन ते जमिनीला भोके पाडत असतात, पाणी मुरावे म्हणून. पण वरून पाऊस सुरूच असेल तर बिचारे किती पुरे पडणार? मग सराव बंद, कधी एक आठवडा, कधी त्याहून जास्त. शाळेचा हॉल रिकामा असला तर तासाच्या भाड्याने मिळतो, पण तो इतरांनाही हवा असतो.

गेल्या हिवाळ्यात अकरा वर्षांखालच्या मुलींचा सराव क्लबहाउसबाजूच्या डांबरी पार्किंगमध्ये घ्यावा लागला. एकच दिवा, त्याच्या उजेडाबाहेर चेंडू गेला की मोबाइलची बॅटरी लावून शोधायचा. खरा स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा कडक चेंडू, वापरता येत नव्हता, गाड्यांच्या काचा फुटल्या असत्या. म्हणून स्पंजचा चेंडू. एवढे असूनही मुली चुकवत नव्हत्या. हेल्मेटची जाळी वर करून हातांवर फुंकर मारायची, की परत रांगेत. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे वेगळे सांगायला नको.

योजना अशी आहे : मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात कृत्रिम गवताची छोटी सरावाची जागा, तिला एलईडी दिव्यांचे खांब, आणि एका बाजूला उंच काँक्रीटची भिंत. ही भिंत कशाला, असे काहींनी विचारले. हर्लिंग शिकण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही, म्हणून. मूल एकटेच भिंतीवर चेंडू मारते, परत आलेला चेंडू हर्लीच्या पात्यावर झेलते, पुन्हा मारते. डावा हात, उजवा हात, जमिनीवरून, हवेतून. पूर्ण सामन्यात वाट्याला येत नाहीत इतके फटके इथे दहा मिनिटांत मारून होतात. शिवाय कोणाची वाट बघावी लागत नाही, की संघात निवड व्हावी लागत नाही. बुजरी, नवीन आलेली, इंग्रजीला अजून अडखळणारी मुले भिंतीपाशीच आधी रुळतात.

सरकारच्या क्रीडा अनुदान योजनेतून मदत मिळू शकते, पण तिथेही क्लबला स्वतःचा वाटा उभा करून दाखवावा लागतो. तो वाटा म्हणजेच हे आवाहन. खर्चाचे अंदाजपत्रक क्लबहाउसच्या फलकावर लावलेले आहे. ते अवश्य वाचा, शंका विचारा. खजिनदार शनिवारी सकाळी तिथेच असतात. एकदम मोठी रक्कम देणे सगळ्यांना जमणार नाही, याची कल्पना आहे. घराचे हप्ते, पाळणाघराचे पैसे, भारतात आईवडिलांसाठी पाठवायचे पैसे, हे सगळे आपल्याही घरी आहेच. म्हणून तीन मार्ग आहेत. पहिला, क्लबची साप्ताहिक सोडत, म्हणजे लोटो. तिकीट थोड्या युरोंचे असते आणि वर्षभर नेमाने घेतले तर क्लबला त्याचा मोठा आधार होतो. छोटे क्लब चालतात ते बहुतांशी अशाच पैशांवर. दुसरा, एकरकमी देणगी. मंजूर झालेल्या क्रीडा प्रकल्पाला वर्षात २५० युरो किंवा त्याहून अधिक दिले तर इथल्या कायद्यात करसवलतीची तरतूद आहे. आपल्या बाबतीत ती कशी लागू होईल ते खजिनदारांकडून समजून घ्या. तिसरा, आपल्यापैकी ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, किराणा दुकान, दंतवैद्यक, हिशेबनीसाचे काम, त्यांनी एखाद्या लहान वयोगटाच्या जर्सीचे प्रायोजक व्हावे.

आता काही जण म्हणतील, हा त्यांचा खेळ, त्यांचा क्लब, आपण कशाला? या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे.

कोल्हापूरकरांना हे चटकन कळेल. तिथे फुटबॉलचा संघ हा पेठेचा, तालमीचा असतो; पोरगा ज्या तालमीत वाढला तिच्यासाठीच खेळतो आणि सामन्याला अख्खी पेठ लोटते. गेलिक क्लब अगदी तसाच. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातल्या थर्लस गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्यूसॅक यांनी पुढाकार घेतला, मॉरिस डॅव्हिन पहिले अध्यक्ष झाले. देशावर तेव्हा ब्रिटिशांचे राज्य होते आणि आपले खेळ लयाला चालले आहेत ही कळकळ त्यामागे होती. तेव्हापासून हा डोलारा गावच्या क्लबवर उभा आहे. खेळाडूला पगार नाही. अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात क्रोक पार्कवर ८२,३०० प्रेक्षकांसमोर खेळणारा माणूसही त्या आठवड्यात पुन्हा शाळेत शिकवायला, शेतावर नाही तर बँकेत जातो, आणि नंतर आपल्या गावच्या क्लबकडूनच खेळतो. म्हणजे इथे क्लब विकत घेणारा मालक कोणी नाही. जे तिथे राहतात, काम करतात, वर्गणी भरतात, त्यांचा तो क्लब. आपण इथे राहतो. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक नोंदले गेले; आपल्या वस्त्यांमध्ये तर शाळेच्या प्रत्येक वर्गात आपली मुले आहेत.

आणि या खेळाने बाहेरून आलेल्यांना परके ठेवलेले नाही. कॉर्क परगण्याचा शॉन ओग ओ हॉलपिन फिजीत जन्मलेला, आई रोटुमा बेटावरची, बालपण सिडनीत. २००५ मध्ये त्याने कर्णधार म्हणून कॉर्कसाठी हर्लिंगचा अखिल आयर्लंड चषक उचलला आणि भाषण केले ते आयरिश भाषेत. झॅक मोरादी हा कुर्द मुलगा इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मला, २००२ मध्ये आयर्लंडला आला, इथे येईपर्यंत हर्ली म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते. २०१९ मध्ये लिट्रिम परगण्याच्या संघाने क्रोक पार्कवर हर्लिंगचा लोरी मार चषक जिंकला त्या संघात तो होता. आपल्या मुलांमधून असा कोणी उद्या निघेल की नाही, कोण सांगणार? पण दार उघडे आहे हे नक्की.

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तो काळ आपण विसरलेलो नाही. दूतावासाला सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. अनेक घरांनी मुलांना संध्याकाळी बाहेर पाठवणे थांबवले होते. त्या दिवसांत क्लबच्या प्रशिक्षकांनी आपल्या घरी फोन करून विचारपूस केली, सरावाला ने-आण करण्याची तयारी दाखवली, आणि दोन-तीन आजोबा सराव सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहू लागले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. आमच्या मते या शहरात आपल्या मुलांना मिळालेली ही फार मोठी सुरक्षितता आहे : रस्त्यात नावाने हाक मारणारी माणसे. हे ऋण पैशाने फिटणारे नाही, पण हातभार तर लावता येईल.

क्लबच्या इतर बातम्या थोडक्यात. नर्सरीत, म्हणजे चार ते सात वर्षांच्या गटात, मुलांची गर्दी वाढली आहे आणि त्यात भारतीय मुले लक्षात येण्याइतकी आहेत. लहान वयोगटांचे सामने ‘गो गेम्स’ पद्धतीने होतात : गुणतक्ता नाही, करंडक नाही, प्रत्येक मुलाला पूर्ण खेळायला मिळालेच पाहिजे. पहिल्या नंबराची सवय असलेल्या आपल्या काही पालकांना हे सुरुवातीला चमत्कारिक वाटते. दोन महिन्यांत त्याचा गुण कळतो.

कमोगी, म्हणजे मुलींचे हर्लिंग. तिथे मोठा बदल झाला. खेळाडूंनी स्कॉर्टच, म्हणजे बाहेरून स्कर्टसारखी दिसणारी चड्डीच, घातली पाहिजे हा नियम मे २०२५ मध्ये विशेष अधिवेशनात ९८ टक्के मतांनी बदलला गेला, आणि आता मुलींना शॉर्ट्स घालून खेळता येते. आधीच्या वर्षीच हा ठराव नाकारला गेला होता. मुलींनी तो लावून धरला. आपल्या क्लबच्या मुलींनी पहिल्याच सरावाला शॉर्ट्स घातल्या. गेलिक फुटबॉलमध्येही २०२५ पासून नवे नियम आले : ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला, म्हणजे गोलच्या आडव्या दांड्यावरून गेलेल्या चेंडूला, दोन गुण, आणि पंचांशी हुज्जत घातली तर चेंडू थेट ५० मीटर पुढे. कमानीची ती रेघ मैदानावर आता नेमाने आखावी लागते. रंगाचे डबे लागतात आणि दोरी धरायला माणूसही.

पुरुषांची जीएए, १९०४ पासूनची कमोगी संघटना आणि १९७४ पासूनची महिला फुटबॉल संघटना या तिन्हींचे २०२७ पर्यंत एकत्रीकरण व्हायचे आहे. माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती काम करते आहे. याचा गावच्या क्लबसाठी सरळ अर्थ असा की मुलींना मैदानाचा बरोबरीचा वेळ द्यायचा. तो द्यायलाच हवा. पण मैदान एकच असेल तर कोणाच्या वाट्यातून काढायचा? नव्या सरावाच्या जागेची घाई आहे ती यासाठीही.

साहित्याबद्दलही एक विनंती. हर्ली ॲश झाडाच्या बुंध्याच्या खालच्या, मुळाशी वळलेल्या लाकडातून काढतात. त्या वळणामुळेच पात्याला बळकटी येते. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग आढळला आणि तो देशभर पसरला. आता लाकूड परदेशातून मागवावे लागते, बांबूच्या हर्ली आल्या आहेत, आणि किमती चढत्या आहेत. मूल तर वर्षाला दोन इंच वाढते, त्याबरोबर हर्लीही बदलावी लागते. म्हणून क्लबहाउसच्या दारात अदलाबदलीची मोठी पेटी ठेवली आहे. घरात पडून असलेल्या छोट्या हर्ली, लहान झालेले बूट, जाळी शाबूत असलेली हेल्मेटे तिथे आणून टाका. हेल्मेटाचा पट्टा किंवा जाळी तुटलेली असेल तर मात्र आणू नका. हर्लिंगमध्ये हेल्मेट सगळ्या वयोगटांना सक्तीचे आहे आणि त्यात तडजोड होत नाही. ‘फार धोकादायक खेळ’ म्हणून बिचकणाऱ्या आईवडिलांना हेही सांगायचे आहे : लहान मुले मऊ चेंडूने, जमिनीवरच्या फटक्यांपासून सुरुवात करतात. एकदा येऊन बघा, मग ठरवा.

उरली माणसे, आणि खरे तर आमची जास्त कळकळ इथे आहे. पैसे एकदा देऊन होतात, माणसे दर आठवड्याला लागतात. ‘आम्हाला खेळच येत नाही’ ही सबब आम्ही स्वतः पुष्कळ दिवस वापरली. नर्सरीत शंकू मांडायला, बुटाच्या नाड्या बांधायला, रडणाऱ्याला जवळ घ्यायला खेळ यावा लागत नाही. ज्यांना शिकवायचे आहे त्यांच्यासाठी प्राथमिक प्रशिक्षण वर्ग असतो. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला गार्डाची, म्हणजे पोलिसांची पडताळणी आणि बालसुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच भरा. सामन्याच्या दिवशी गर्दी आणि पार्किंग सांभाळणारे स्वयंसेवक लागतात. पाण्याच्या बाटल्या पोहोचवणारे लागतात. जर्सी धुणारे लागतात, आणि हे काम नेहमी त्याच तीन घरांवर पडते. जे आयटीत आहेत त्यांनी सभासद नोंदणीचे किचकट काम दोन संध्याकाळी हाती घेतले तरी सचिवबाई दुवा देतील.

चहाची खिडकी तर आपल्याला सहज जमण्यासारखी. गेल्या ब्लिट्झच्या, म्हणजे मुलांच्या छोट्या छोट्या सामन्यांच्या, दिवशी आपल्या काही घरांनी बटाटेवडे आणले होते. मध्यंतराच्या आधीच परात रिकामी झाली, आणि त्यातून आलेले पैसे प्रथमोपचाराच्या पेटीसाठी दिले. पुढच्या ब्लिट्झसाठी शिरा आणि वडे दोन्ही करायचे घाटते आहे. ज्यांना जमेल त्यांनी आधी कळवावे, म्हणजे खोबऱ्याची चटणी दहा घरांतून येणार नाही.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही घेऊन या. आत बसायला जागा आहे, काचेतून मैदान दिसते, आणि तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना गप्पांना कोणीतरी हवेच असते.

दर शनिवारी सकाळी नर्सरीच्या वेळेत चहाच्या खिडकीशेजारच्या टेबलावर आम्ही बसलेले असतो. लोटोचे अर्ज, देणगीच्या पावत्या, पडताळणीचे फॉर्म आणि स्वयंसेवकांची यादी तिथेच मिळेल. रोख देणगीची पावती हातोहात घ्यावी, पावतीशिवाय कोणाकडेही पैसे देऊ नयेत. अनुदानाचा अर्ज भरण्याआधी क्लबचा वाटा किती जमला हे दाखवावे लागणार आहे, तेव्हा ज्यांनी द्यायचे ठरवले आहे त्यांनी या महिन्यातच द्यावे ही विनंती. मैदान ओले असते, जाड तळाचे बूट घालून या.

आपले नम्र,
क्लबमधले मराठी पालक, कार्यकारिणीच्या वतीने