‘हात उठला’ म्हणणाऱ्याशी बोलणार कोण?

मा. संपादक,

कौटुंबिक हिंसाचारावरील आपल्या लेखात डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि पोलीस यांना प्रशिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे, तो रास्तच आहे. मात्र अशा प्रशिक्षणात बाईच्या अंगावरचे वळ कसे ओळखावेत, तिला विश्वासात घेऊन कसे विचारावे आणि पुढे कुठे पाठवावे, एवढेच बहुधा शिकवले जाते. मारणारा पुरुष समोर येऊन बसला तर त्याच्याशी काय बोलावे, हा विषय राहूनच जातो. समुपदेशक म्हणून आणि पुढे इतरांना शिकवताना ही उणीव मला सतत जाणवत आली आहे.

एका कार्यशाळेत आम्ही सरावाची मुलाखत ठेवली होती. नवऱ्याची भूमिका करणारा सहकारी म्हणाला, ‘ती उलट बोलली आणि माझा हात उठला.’ समोरच्या अनुभवी परिचारिकेने सहज विचारले, ‘काय बोलल्या त्या?’ प्रश्न भल्या हेतूने आला होता. पण तेवढ्याने विषय त्याच्या हातावरून तिच्या तोंडावर गेला आणि पुढची दहा मिनिटे तिथेच घुटमळला. ‘हात उठला’, ‘तोल गेला’, ‘भांडण झाले’ ही वाक्ये आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की त्यांत करणारा माणूसच गायब आहे, हे ऐकणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. त्याचा पाणउतारा न करता, पण त्याची रीही न ओढता, त्याला ‘मी मारले’ या दोन शब्दांपर्यंत आणणे हे कसब आहे आणि ते एका दुपारच्या व्याख्यानाने अंगी येत नाही.

हे काम नवे नाही. मारहाण करणाऱ्या पुरुषांसोबत काम करणारी ‘इमर्ज’ ही संस्था अमेरिकेत बोस्टन येथे १९७७ साली सुरू झाली. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातील ‘सत्ता आणि नियंत्रण चक्र’ (मारणारा पुरुष बाईवर कोणकोणत्या मार्गांनी ताबा ठेवतो, हे दाखवणारी आकृती) तर अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या कथनांतूनच तयार झाले. अशा कार्यक्रमांच्या परिणामकारकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे मान्य. म्हणूनच ते अर्ध्या तयारीच्या माणसांच्या हाती देणे मला अधिक धोक्याचे वाटते. स्त्रियांवरील आणि घरातील हिंसा रोखण्यासाठीच्या, युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल करारात कलम १५ व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाचे आणि कलम १६ हिंसा करणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांचे आहे. कागदावर शेजारी असलेल्या या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींना क्वचितच भेटतात.

प्रशिक्षण नसले की चुका कोणत्या होतात, हे पुरेसे ठाऊक आहे. नवरा-बायकोला एकत्र बसवून ‘मोकळेपणाने बोला’ असे सांगितले जाते आणि तिथे ती जे बोलते त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिने खासगीत सांगितलेली गोष्ट समुपदेशक त्याच्यापुढे पुरावा म्हणून ठेवतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे रागावर नियंत्रण मिळवण्याचे धडे देऊन त्याला मोकळे करणे. वरिष्ठांचा अपमान मुकाट गिळणाऱ्या माणसाचा ‘तोल’ घरी आल्यावरच कसा जातो, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही.

हात उचलण्याआधीच पुरुषांपर्यंत पोहोचायचे असेल तर संधी नेहमीच्या कामातच आहेत. गरोदर पत्नीच्या तपासणीला आलेला नवरा फाईल घेऊन दाराबाहेर उभा असतो, आणि ‘सूनबाई’ म्हणून वर्गातल्या मुलाला चिडवणे क्रीडाशिक्षकाच्या कानावर रोज पडते. दोघांपाशीही काय बोलावे, हे शिकवता येते. माँट्रियलमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी १४ स्त्रियांची हत्या झाल्यानंतर कॅनडातील पुरुषांनी १९९१ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पांढरी फीत लावण्याची मोहीम सुरू केली. तिच्याविषयी मला आदर आहे, पण फीत लावून छायाचित्र काढल्याने क्रीडाशिक्षकाला ते शब्द सापडत नाहीत.

म्हणून असे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की, निम्मा वेळ मुलाखतींच्या सरावाला द्यावा, प्रशिक्षणानंतर किमान वर्षभर प्रत्यक्ष प्रकरणांची दरमहा चर्चा ठेवावी आणि त्या चर्चेत स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीला ‘हे काम इथेच थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार असावा.

आपला,
एक समुपदेशक