डब्याचं कोण बघतंय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी दारू सोडायला केंद्रात ॲडमिट होती. सगळ्यांना आम्ही सांगितलं की ती आईकडे गावी गेलीये. पुरुष ॲडमिट झाला की लोक म्हणतात सुधारतोय बिचारा, बायको पण किती धीराची, आणि बाईचं कळलं की पहिला प्रश्न, पोरांकडे कोण बघतं?

काउन्सेलरनी पण पहिल्याच दिवशी हेच विचारलं. तिचे हात इतके थरथरत होते की फॉर्मवर सही होईना, मी पॅड धरून उभी, आणि ते विचारतायत मुलाच्या डब्याचं कोण बघतंय. पुढे फॅमिली मीटिंगला पुरुष पेशंटच्या बायका सगळ्या हजर, एक तर चिंचवडहून लेकरू कडेवर घेऊन दोन बस बदलून यायची. हिचा नवरा एकदाही आला नाही, सुट्टी मिळत नाही म्हणे. मीच बसायचे. तिला शेवटी सांगितलं काय, तर आता घरी जाऊन चांगली आई व्हा. पण दुपारी एकटी, कुकर लावून ठेवून ती का प्यायची हे कुणी विचारलंच नाही हो! मुलाची दहावी म्हणून कोर्स अर्धा टाकून घरी आणली आणि दोन महिन्यांत परत सुरू.

बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं त्यामुळे तेवढ्याच दारूचा त्रास तिला जास्त, लिव्हर पण लवकर जातं, म्हणजे उपचार लवकर मिळायला पाहिजेत तिथेच आपण लपवतो. २०१९ च्या सरकारी सर्व्हेत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६. पण आमच्या दारात कुणी विचारायला आलं असतं तर आम्ही तरी खरं सांगितलं असतं का? (आजी दिवसातून चारदा मिश्री लावायची, त्याला घरात कुणी व्यसन म्हटलंच नाही.)

आपल्या पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढलाय, त्याचं मला फार मोल वाटतं, कारण बहीण होती तिथे बायकांना कोपऱ्यातल्या दोन खोल्या, बाकी सगळं पुरुषांच्या हिशोबाने. सगळ्याच केंद्रांनी बायकोला बोलावतात तसं नवऱ्यालाही बोलावलंच पाहिजे, आला नाही तर परत फोन करा.

सोमवारी ती पुन्हा ॲडमिट होतेय, दुसरीकडे. मीटिंगच्या तारखा मी तिच्या फ्रिजवर लावल्यात आणि नवऱ्याला सांगितलंय, डबा तू करायचा.

– एक वाचक, धायरी, पुणे